अनुस्वार

गणपती पेठेतल्या आमच्या छापखान्यात
संगणक एक, पाळ्या दोन.
सकाळची मी.
चारनंतर तौसीफ मुजावर,
मिरजेहून वडापनं येतो, डबा ठेवतो,
आणि पहिल्यांदा
माझा पांढरा पडदा काळा करतो.

सकाळी मी आले की परत पांढरा.
यावर आम्ही भांडलो नाही कधी.
एकाच खुर्चीत बसून
एकमेकांचा दिवस मावळवत राहिलो.

एकदाच म्हणाला, "मावशी, रात्री नऊला
तुमचं पान उघडलं की
कुणीतरी तोंडावर बॅटरी मारल्यागत होतंय."

असेल.
पण काळ्यावरची पांढरी अक्षरं
माझ्या डोळ्यात साय धरतात.
वेलांटीला दुसरी वेलांटी फुटते,
मात्रा शेजारणीच्या खांद्यावर रेलते,
आणि टिंब तर
चहात पडलेल्या साखरेच्या दाण्यासारखं,
होतं, होतं, नाही.

मार्गशीर्षात त्याची बहीण बाळंत झाली,
त्याची पाळी मी केली.
हात गेला होता पडदा बदलायला.
म्हटलं, राहू दे,
एक दिवस पोराच्या अंधारात बसून बघू.

कवठे महांकाळच्या दुधाळांची पत्रिका.
वराची आई सौ. कुंदाताई.
छापून आल्या पाचशे प्रती,
सौ. कुदाताई.

मालक बाहुबली शेटे ओरडले नाहीत,
तेच वाईट.
चष्मा कपाळावर चढवून एवढंच म्हणाले,
"वरमाय आत्तापासूनच उड्या मारायला लागली की हो."

मिरजेला डॉक्टर मगदूमांनी
भिंगामागून भिंगं घालून बघितली.
"बुबुळ जरा लंबुळकं आहे तुमचं.
अंधारात बाहुली मोठी होते, अक्षर पसरतं.
उजेडात ती बारीक होते,
अक्षर जागेवर बसतं.
त्या मुलाला काळं सोसत असेल, तुम्हाला पांढरं.
यात हट्ट कुणाचाच नाही.
पडदा खोलीएवढाच उजळ ठेवा,
अधूनमधून लांबचं बघा.
आणि पापणी? लवते का?"

मला आठवेना.
वीस वर्षं दुसऱ्यांची नावं जुळवताना
पापणी लवली की नाही
हे कोण लक्षात ठेवतं.

तासगावच्या शाळेत पाटी काळीच होती.
पेन्सिल पांढरी.
तेव्हा मला पुसलेला कालचा पाढासुद्धा
आजच्या पाढ्याखाली दिसायचा.

पाचशे पत्रिका पुन्हा छापायच्या
तर कागद नव्हता आणि वेळही.
शेटेंनी दोन काळी पेनं आणून ठेवली.
शटर अर्धं ओढून मी नि तौसीफ बसलो,
एकेक पत्रिका, एकेक टिंब.
हळदीचं बोट पुसल्यासारखा त्या कागदाचा रंग,
ना झगमग, ना काळोख.
डोळे कधी शांत झाले, कळलं नाही.

पन्नास झाल्या की तो दारात जायचा,
"मावशी, लांबचं बघायचं ना."
समोर हळदीच्या अडतीची बंद पाटी,
रस्त्यावरच्या दिव्यात.
त्यानं वाचली. मी वाचली.
दोघांना तेच दिसलं.

टिंबं मात्र वेगळी.
त्याचं गोल, मोहरीएवढं.
माझं जरा कलतं,
उजवीकडे ओघळलेलं.
दोन गठ्ठे शेजारी ठेवले तर कळायचं
कोणती पत्रिका कुणाच्या डोळ्यातून गेली.

आता पडद्याला त्या कागदाचा रंग दिलाय.
सकाळी मी उजेड चढवते,
रात्री तो उतरवतो.
परवा आले तर पुन्हा काळाच होता.
काही बोलले नाही.
बदलला.

कुंदाताई स्वतः आल्या होत्या पत्रिका न्यायला.
हात लांब करून, मान मागे घेऊन
वाचत राहिल्या स्वतःचं नाव.
"सुबक झालंय," म्हणाल्या.

मी मान हलवली.
बांधताना मोजल्या तेव्हा
चारशे नव्याण्णव टिंबं भरली होती.
एक उडी मारत
कुठल्याशा गावाला गेली असेल.